जड खटका

मिस्त्रीने गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, पिस्तुलात काडतूस राहिलेलं नाही हे दोनदा पाहिलं आणि डाव्या अंगाचा सेफ्टीचा खटका अंगठ्याने खाली दाबला. खटका हलला नाही. त्याने अंगठा जरा पुढे सरकवला, दात आवळले आणि पुन्हा दाबला. आता तो खाली गेला. सकाळपासूनची ही अकरावी खेप होती. अकरापैकी चार वेळा खटका पहिल्या दाबात जागचा हलला नव्हता, आणि मिस्त्रीचा अंगठा तर तीस वर्षं लोखंडाशी झटून निबर झालेला होता.

शस्त्रागाराच्या त्या लांबट खोलीत तेलाचा वास होता आणि भिंतीवर एक घड्याळ होतं. टेबलावर हिरव्या फडक्याशेजारी चौकशी समितीचा छापील फॉर्म पडला होता. 'सेफ्टीची स्थिती' या रकान्यात मिस्त्रीने कालच 'सुस्थितीत' असं लिहून टाकलं होतं. त्याच्या खालच्या 'केलेले बदल व कारण' या रकान्यात 'काही नाही'. फक्त सही राहिली होती, आणि ती काही होत नव्हती.

पिस्तूल ज्या फौजदार बाईंचं होतं, त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. एका फरारी माणसाला पकडायला त्या बस स्टँडमागच्या गल्लीत गेल्या होत्या. तो चाकू घेऊन अंगावर आला. बाईंनी पिस्तूल काढलं, रोखलं, पण गोळी सुटलीच नाही. सोबतचा शिपाई धावत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पिस्तूल सापडलं तेव्हा सेफ्टी लावलेलीच होती, म्हणजे खटका वरच होता, आणि तो खाली केल्याशिवाय गोळी सुटत नाही. समितीच्या कच्च्या अहवालात एका ओळीत निकाल लागला होता: सेफ्टी काढण्यास विसरल्या, मानवी चूक.

"झालं का रे?" दारातून उस्ताद आत आला. नेमबाजी शिकवणारा हा म्हातारा डावा पाय ओढत चालायचा. "साहेब बाराला कागद मागतायत. एका सहीला किती वेळ लावतोस?"

"होतंय."

"मी तरी घसा फोडून सांगत होतो. सेफ्टी म्हणजे नसती कटकट. समोर चाकू आला की माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, तिथे खटका कुठला आठवायला?"

हे भांडण वीस वर्षांचं होतं आणि दोघांनाही त्याची चटक लागली होती. खरी गंमत अशी, की उस्तादचा पाय अधू झाला तो सेफ्टी नसलेल्या पिस्तुलामुळेच. म्यानात घालताना सदऱ्याचं टोक चापात अडकलं आणि गोळी पोटरीतून आरपार गेली. तरी म्हातारा हटायला तयार नाही. मिस्त्रीने पायाकडे बोट दाखवलं, की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "लंगडतोय, पण चालतोय ना?" त्यावर मिस्त्रीचंही ठरलेलं. पिस्तूल पडतं, कुठेतरी अडकतं, घरी जातं, आणि घरात पोरं असतात. चाप ओढायला पोराचं बोटही पुरतं. मग चहा येई आणि भांडण दुसऱ्या दिवसावर जाई.

आज मिस्त्रीने पायाकडे बोट दाखवलं नाही. उस्तादने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं.

"बरं वाटत नाहीये का तुला?"

"बरा आहे."

"तिची आई आलीये. कपाटातलं सामान न्यायला. तुझं नाव घेऊन विचारत होती. पाठवू?"

नको म्हणायला तोंड उघडावं तोवर ती दारात उभी होती. साठीची, किडकिडीत बाई. खांद्याला लेकीची खाकी पिशवी, गळ्यात चष्म्याची दोरी. उस्ताद अदबीने बाजूला झाला आणि पाय ओढत बाहेर गेला. तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मला फार वेळ नाहीये, दादा. साडेबाराला नातीची शाळा सुटते. कुणी दिसलं नाही की रडते ती हल्ली."

मिस्त्रीने स्टूल पुढे सरकवलं आणि फडकं ओढून पिस्तूल झाकलं. झाकल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मी शिवणकाम करते," ती बसत म्हणाली. "बंदुकीतलं मला काही कळत नाही. पण त्यांनी मला कागद वाचून दाखवला. विसरली म्हणे. माझी लेक! घरातून निघाली की गॅस बंद आहे का ते बघायला जिन्यातून परत यायची, हो."

"माहीत आहे. आम्ही तिला डबलकुलूप म्हणायचो."

"डबलकुलूप?" बाईच्या तोंडावर क्षणभर हसू आलं. "हे नव्हतं सांगितलं मला." मग ते हसू तसंच विरून गेलं. "नात साडेपाच वर्षांची आहे. आता काही कळत नाही तिला. पण उद्या मोठी होईल, कुणीतरी सांगेलच, की तुझी आई एक खटका दाबायला विसरली म्हणून गेली. एवढ्याशा गोष्टीसाठी गेली, असं वाटेल तिला. ते मला नकोय."

मिस्त्री फॉर्मकडे बघत राहिला.

"आणि दुसरं सांगते. शेवटी मीच तिला पुसून काढलं. या अंगठ्याचं नख अर्ध्यातून तुटलं होतं." तिने स्वतःचा उजवा अंगठा पुढे केला. "आणि इथे बारीक रेघा उठल्या होत्या. कात्री अडकली आणि मी जोर लावला, की माझ्या अंगठ्याला उठतात ना, तशा. मी तीन आठवडे त्या रेघांचाच विचार करतेय. विसरलेल्या माणसाचा अंगठा असा होतो का, दादा?"

त्याला गप्प बसता आलं असतं. बाई काही वेळाने उठली असती, पिशवी सावरून गेली असती. नोकरीची दोनच वर्षं राहिली होती. पण तो भित्रा असला तरी नालायक नव्हता, आणि तिचा अंगठा अजून त्याच्यासमोर तसाच होता.

"ती विसरली नाही," तो म्हणाला. "खटका जड होता. मी केला होता जड."

मग त्याने सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी फौजदार बाई याच स्टुलावर बसल्या होत्या. पिस्तूल घरी न्यावं लागायचं, कधीही बोलावणं यायचं. "कपाटाला कुलूप आहे, काका," त्या म्हणाल्या होत्या, "पण घरात कुठली किल्ली कुठे असते ते पोरांना आपल्याआधी ठाऊक असतं. हा खटका इतका जड करा की तिच्याकडून हलताच कामा नये." मिस्त्रीने आढेवेढे घेतले. अशा बदलाला साहेबांची मंजुरी लागते, हत्याराच्या कार्डावर नोंद करावी लागते. मग त्याने मंजुरीही घेतली नाही आणि नोंदही केली नाही. एका मोडीतल्या पिस्तुलातली जाड स्प्रिंग काढून खटक्याखाली बसवली. बाईंनी दाबून पाहिलं. जमलं. "जड आहे, पण जडच हवा," म्हणाल्या. "पोरगी सहाची झाली की तिला समज येईल. मग परत सैल करून द्या."

"रोज पन्नास वेळा दाबत जा म्हणालो होतो मी," मिस्त्री म्हणाला. "हसली नुसती. आणि मी तरी काय केलं? इथे बसून, कोरड्या हाताने, पंख्याखाली तपासून पाहिलं. तिच्या हाताला घाम आला असेल, ती पळत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, चांगलं काम करतोय."

फौजदार बाईंच्या आईने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. ती रडली असती, ओरडली असती तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं.

"बघू द्या मला," ती म्हणाली.

"कशाला, बाई? नियमात बसत नाही ते."

"नियम आज आठवला होय तुम्हाला?"

त्याने फडकं दूर केलं. पिस्तूल पुन्हा एकदा तपासलं, खटका वर करून सेफ्टी लावली आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरलं. तिने ते मांडीवर घेतलं, बोटं चापापासून लांब ठेवली. अंगठा ठेवून दाबला. खटका हलला नाही. तिने ओठ मिटून जोर लावला. नाही हलला. मग तिने पिस्तूल पोटाशी धरलं, एका अंगठ्यावर दुसरा अंगठा ठेवला आणि पुढे वाकून सगळा भार टाकला. तिची मान लाल झाली.

आणि मध्येच ती थांबली. अंगठे तसेच ठेवून खाली बघत राहिली.

"अशीच दाबत होती ती," ती म्हणाली.

"कोण?"

"नात."

बाहेर कुणीतरी उस्तादला हाक मारली. तो 'आलो' म्हणाला. बाईचा आवाज इतका बारीक झाला होता, की मिस्त्रीला पुढे झुकावं लागलं.

"दिवाणावर बसली होती. पोटाशी धरून. दुपारची वेळ, लेक हत्यार घरी ठेवून बाजारात गेलेली, मशीनवरच माझा डोळा लागला होता. किल्ली माझ्या बटणांच्या डब्यात असायची, ती तिने काढलेली. मी जागी झाले तर ही अशी वाकून जोर लावतेय. नळी स्वतःच्या पोटावर. मला बघून म्हणाली, आजी, हे उघडत नाही, तू उघडून दे."

मिस्त्रीने टेबलाची कड धरली.

"मी ते जागेवर ठेवलं, किल्लीची जागा बदलली आणि लेकीला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तू माझ्या भरवशावर पोर सोडून जातेस आणि मी झोपते म्हणून? चार महिने झाले. रोज सांगू सांगू म्हणत राहिले." तिने पिस्तूल फडक्यावर ठेवलं. हळूच, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसं. "तेव्हा मी त्या बंदुकीच्या पाया पडले होते, दादा. कुणी केलं असेल एवढं घट्ट, त्याचं भलं होवो म्हणाले होते."

पंखा फिरत होता. घड्याळात बाराला दहा कमी होते. मिस्त्रीला डोळे पुसायचे होते, पण हाताला तेल होतं.

शेवटी त्याने फॉर्म ओढला. 'सुस्थितीत' वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: 'खटका प्रमाणापेक्षा जास्त जड. पहिल्या प्रयत्नात सुटत नाही.' खालच्या रकान्यातलं 'काही नाही' खोडलं. लिहिता लिहिता तो मोठ्याने वाचत होता. "जाड स्प्रिंग मी बसवली. वरिष्ठांना कळवलं नाही. कारण, घरी लहान मूल असल्याने फौजदार बाईंनी स्वतः..."

"थांबा."

त्याने मान वर केली.

"ते लिहू नका," बाई म्हणाली. "ती विसरली नाही, एवढं लिहा. जड होता, ते लिहा. घरी लहान मूल, हे नको."

"बाई, पण कारण तेच आहे."

"म्हणून तर. उद्या हाच कागद ती वाचेल. आई विसरली, हे मला नको होतं. आई माझ्यामुळे गेली, हे वाचलं तर काय करेल ती?"

मिस्त्रीने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. फौजदार बाईंनी सांगितल्यावरून केलं, असं लिहिलं असतं तर त्याला थोडाफार आडोसा मिळाला असता. त्याशिवाय तो फॉर्म म्हणजे नियम मोडून सरकारी हत्यारात ढवळाढवळ करणाऱ्या एका अडाणी मिस्त्रीचा कबुलीजबाब होता. बाईला ते कळत होतं की नाही, कोण जाणे. कळत असावं, कारण ती नजर चुकवून पिशवीचा बंद घट्ट करत होती.

"मला तुमच्यावर ओरडायचं होतं," ती उठत म्हणाली. "ठरवून आले होते. आता ते पण येत नाही."

दारापर्यंत जाऊन ती वळली, काहीतरी म्हणणार होती, पण घड्याळ बघून नुसतीच मान हलवली आणि घाईने जिना उतरून गेली.

सव्वाबाराला उस्ताद फॉर्म न्यायला आला. सही पाहिली, कागद उचलला, आणि खोडाखोड दिसल्यावर खिशातून चष्मा काढून वाचायला लागला. शेवटच्या रकान्याशी त्याचं बोट थांबलं. त्याने ते परत वाचलं.

"अरे, हे काय? तू बदललीस स्प्रिंग? आणि कारण काय लिहिलंयस?" त्याने कागद हातभर लांब धरला. "'मला तसं बरं वाटलं म्हणून.' हे कारण आहे? वेड लागलंय का तुला? नोकरीवर येईल, वर खटला होईल. कुणी सांगितलं होतं तुला करायला?"

मिस्त्रीने फडक्याने हात पुसले, पिस्तुलाला चिठ्ठी बांधली आणि ते पेटीत ठेवून दिलं.

"अरे, मी काय विचारतोय? भांड तरी!"

मिस्त्री भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मिनिटकाटा सहावर यायला, शाळा सुटायला, अजून थोडा अवकाश होता.

"पोचेल ती वेळेवर," तो म्हणाला.