छकुलीच्या वाळ्याची चांदी

मित्रांनो, मोताळ्याच्या एका घरात, पाळण्याशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मी एक जुनी मोर्सची कळ आहे. मला हलकेच दाबलं की टिंब, दाबून धरलं की रेघ. टिंब-रेघांची अक्षरं होतात आणि रेडिओवरून दूरवर पोचतात.

मला सुचितानं घडवलं. हौशी रेडिओचा परवाना तिनं कॉलेजातच काढला होता. छकुली झाली, बाहेर जाणं थांबलं, तेव्हा तिनं मला करायला घेतलं. फुटक्या पोळपाटाची बैठक, करवतीच्या पात्याची दांडी, औषधाच्या बाटलीचं झाकण ही माझी गुंडी. छकुलीचा वाळा मोडला होता. त्यातले चांदीचे दोन तुकडे तिनं माझ्यात बसवले. ते एकमेकांना टेकले की मी बोलते.

सुचिताचा एक हात माझ्यावर, दुसरा पाळण्याच्या दोरीवर. छकुली जरा हलली की हिची मान तिकडे वळायची आणि माझी रेघ लांबायची. नाशिकचे शरच्चंद्रकाका, जुने तारबाबू, हे कारण जाणून होते आणि रेडिओवरून माझं कौतुक करायचे.

मग ते पॅडल, म्हणजे नव्या तऱ्हेची कळ, आलं! सुचितानंच केलेलं. गुळगुळीत फरशीची बैठक, टेकायला तांब्याचे तुकडे, दोन पाती, आणि त्यांवर तिच्या नवऱ्याच्या, गोविंदाच्या, लग्नातल्या शर्टाची बटणं. मला झाकण आणि त्याला लग्नाची बटणं! एक पातं हलवलं की टिंबं, दुसरं हलवलं की रेघा, यंत्रानं मोजून दिल्यागत सगळ्या एकसारख्या. मी मनात म्हणायची, गंज लागो तुला.

"काऊन वं सुचिता, एक टिकटिक कमी होती का?" सासूबाई शालूबाईंनी विचारलं.

"आई, यानं मनगट नाही दुखत." तिनं पॅडलवरून काकांना हाक घातली.

"तांब्यावर किती दिवस चालन हे?" गोविंदा म्हणाला. "जुनीची चांदी काढून याले लाव नं. ते आता काय कामाची?"

जुनी! माझ्या तोंडावर! आणि सुचितानं खरंच पकड उचलली. पकडीचं तोंड माझ्या चांदीला भिडलं.

तेवढ्यात काकांचं उत्तर आलं. सुचिता टिकटिक ऐकता ऐकता मोठ्यानं सांगू लागली, "नाव सुचिताचं, पण हात कुणाचा? छकुली हलली की तिची रेघ लांबते. घरी सगळं बरं आहे ना?"

"थो बुढा नाशिकहून पोरगी हलल्याचं ऐकते?" शालूबाई म्हणाल्या. "मले तं घरात बसून ऐकू येत नाही!"

सुचितानं पकड खाली ठेवली, मला जवळ ओढलं. 'मीच आहे, काका.' छकुली कुशीवर वळली. शेवटची रेघ लांबली.

'आता ओळखलं,' काका म्हणाले.

चांदी माझ्याकडेच राहिली. पण खोटं कशाला सांगू? रोजच्या गप्पा त्या पॅडलवरच चालतात. माझ्या वाट्याला फक्त काका.

मित्रांनो, नवं जरूर घडवा. पण त्यासाठी जुन्याचं काळीज उपटण्याआधी, त्यात तुमचं काय उरलंय ते एकदा ऐका. आणि हो, त्या पॅडलवरची धूळ पुसू नका. बरं, पुसा. पण आधी माझी.