वजाबाकीचा कोबा

गवंड्यानं खोलीत टेप ताणला न ताणला, तोच कारभारी म्हणाला, "खाटेखालचं वजा कर."

गवंडी थांबला. "का हो दादा?"

"खाटेखाली चालतंय कोण? तिथं सिमेंट घालून काय दाखवायचंय?"

उगाच नाही गाव त्याला 'वजाबाकी' म्हणत. सोयरीक ठरवायला गेला तरी पंगतीतून चार माणसं वजा करून येईल असा गडी.

कारभारीण दारात सूप घेऊन बसली होती. कोब्याचा हट्ट तिचाच. काळ्या रानाची जमीन, पाऊस लागला की घरात खालून ओल चढायची आणि कणगीच्या तळाचं धान्य दरवर्षी काळं पडायचं. ते निवडून निवडून तिच्या बोटांना बुरशीचा वास चिकटला होता. या पावसाआधी कोबा झालाच पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

"पेटीखालचंही वजा कर," कारभारी पुढे सरकला. "दारामागं कोण जातं? तेही काढ. आणि ही कणगी, ही तर हलतच नाही. तिच्याखालचं काढ."

गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "दादा, मग राहिली ती पायवाट."

"मग पायवाटेचाच खर्च सांग."

आता मात्र कारभारणीनं सूप खाली ठेवलं. "अहो, ज्या कणगीपायी हा खटाटोप, तीच वजा? वरचं कोरडं तुम्ही खाता, तळाचं कुजकं मी निवडते. तुम्हाला काय कळणार ओल?"

"कणगीखाली कोणी चालत नाही," तो म्हणाला. मुद्दा सोडायचा नाही, हा त्याचा बाणा.

तिला रडू आलं, पण रडून कोबा होत नसतो. दुसऱ्या दिवशी तो रानात गेल्यावर तिनं दोन्ही जावांना हाक मारली. तिघींनी कणगी रिकामी करून अंगणात काढली, पेटी काढली, दारसुद्धा बिजागरीवरून उतरवलं. गवंडी खडी-वाळू घेऊन आला तेव्हा खोलीत उरली फक्त खाट. तिला हात लावणार, तेवढ्यात कुणकुण लागून कारभारी रानातून धापा टाकत आला आणि खाटेवर आडवा पडला.

"ही हलणार नाही," म्हणाला. "निदान एवढं तरी वाचवू द्या."

गवंड्यानं तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, यांना कसं धरू हिशोबात?"

"खाटेसकट वजा धरा," ती म्हणाली.

फळ्या मारून खाटेभोवती चौकोन बांधला आणि चांगला चार बोटं जाड कोबा पडला. कारभारी वरून बघत होता, लढाई जिंकल्यासारखा.

पाऊस लागला. कणगीच्या तळाचं धान्य खडखडीत राहिलं. कारभारणीनं मूठभर काढून हुंगलं, पदराला बांधलं आणि दोन्ही जावांना दाखवून आली. इकडं खोली धुतली की सगळं पाणी खाटेखालच्या खड्ड्यात. कारभारी रोज निजायला खाली उतरायचा. शेजारी विचारायचे, "काय दादा, विहिरीचं पाणी किती आलं?"

शेवटी त्यानं गवंड्याला गाठलं. "तेवढा चौकोन भरायला काय घेशील?"

"एवढ्याशा कामाला मी येत नाही दादा. आलोच तर अख्ख्या दिवसाची मजुरी."

घरी येऊन तो खाटेवर बसला. कारभारीण सूप पाखडत होती. सुपात एकही काळा दाणा नव्हता.

"भरून घ्यावा म्हणतो खड्डा," तो पुटपुटला.

"कशाला?" ती मान वर न करता म्हणाली. "खाटेखाली चालतंय कोण?"

त्यानं वाकून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बेडूक," तो म्हणाला.

"मग निम्मा खर्च त्याच्याकडून घ्या."