आईने पाहिलेला सामना

लेक इतकी वर्षं व्यावसायिक टेनिस खेळली. आई प्रत्येक सामन्याला पुढच्या रांगेत असायची, पण खेळ सुरू झाला, की तो संपेपर्यंत धास्तीने डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. आज निवृत्तीचा सामना होता. लेक कठड्याशी आली.

“आई, देव बघतोच आहे गं. आज तूही बघ. यापुढे मी खेळणार नाही.”

आईने डोळे उघडे ठेवले. पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली, दुसरीही.

“अगं, तिरकी कशाला मारतेस? समोरचा चौकोन मोकळा पडलाय की!” आई ओरडली.

सर्व्हिस तिरकीच मारायची असते, हे तिला कुठलं माहीत! पंचांसकट सगळे हसले. लेक हसतहसतच सामना हरली.

“एवढं देखणं खेळतेस,” आई रुसून म्हणाली, “आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!”