बोलणारा हंडा

ओवे गावाजवळच्या वाडीत त्या दिवसांत विहिरीभोवती पाय ठेवायला जागा नसायची. धुनीवरचा तांब्याचा हंडा गुरगुरायला लागला की जलनाथ महाराज डोळे मिटून सांगायचा, देवी बोलते आहे. मग हंड्यातलं पाणी निवलं की माणसं त्या तीर्थासाठी ओंजळी पुढे करायची. हगवणीने वाडी हैराण झाली होती आणि या तीर्थाने काहींना खरंच उतार पडत होता.

पण देवीचा कोप काही संपत नव्हता, म्हणून रोज एखादं घर कोंबडं आणायचं. ते विहिरीच्या काठावरच कापायचं, तिथेच आतडी धुवायची. तीर्थाने बरा झालेला माणूस घरी जाऊन विहिरीचं पाणी प्यायचा आणि पुन्हा आजारी पडायचा. महाराज म्हणायचा, श्रद्धा कमी पडली.

मैनाचा धाकटा मुलगा असाच गेला. थोरली वेणूही डोळे खोल जाऊन निपचित पडली, तेव्हा कुठे मैनाने पनवेलहून मला, म्हणजे डॉक्टरला, बोलावलं. मी वेणूला सलाईन लावलं आणि बाहेर येऊन वाडीला समजावलं की कोंबड्यांच्या, गुरांच्या आतड्यांत जंतू असतात. जनावराला पुष्कळदा काहीच होत नाही, माणूस मात्र आडवा होतो. तीच घाण तुमच्या विहिरीत मुरते आहे. काशिराम पाटलाने विचारलं, जंतू दाखवता का? सगळे हसले.

मला संताप आला. दुकानातून नीळ आणली, बादलीत कालवली आणि कोंबडी धुण्याच्या जागेवर ओतली. थोड्या वेळाने विहिरीच्या आतल्या फटींतून निळे ओघळ उतरू लागले. माणसं वाकून बघत राहिली. महाराज लगेच म्हणाला, देवी रागाने निळी पडली, आता बोकड लागेल. निम्म्या वाडीने हात जोडले. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात मैनाने तांब्याभर पाणी शेंदलं आणि महाराजासमोर धरलं.

"म्हाराज, धुनीवर ठेवू नका. नुसता मंतर घाला आनि तुमी पिया."

देवीची परीक्षा घेऊ नये, असं तो म्हणाला.

"माजा पोर गेला. मंतर खरा हाय ना? पिया मंग."

त्याने तांब्याला हात लावला नाही.

आता माणसं ऐकायच्या मनःस्थितीत होती. मी सांगितलं, हंड्यात देवी नाही, उकळतं पाणी बोलतं. उकळल्याने जंतू मरतात, म्हणून उतार पडतो. मंत्र न म्हणताही पडेल. हे याला ठाऊक आहे, म्हणून हा हंड्याबाहेरचा थेंब पीत नाही. आणि तुमची कोंबडी याच्याच चुलीवर शिजतात.

महाराजाला गाव सोडावं लागलं. विहिरीत जंतू मारायची पावडर टाकली, वेणू उठून बसली. तरी दोन घरं त्याला शोधत कोंबडं घेऊन पार करंजा गावापर्यंत गेलीच. काय बोलायचं?

पाणी उकळून प्या. विहिरीपाशी काही कापू नका, धुऊ नका. मांस पुरतं शिजवा. आणि मूल आजारी पडलं तर डॉक्टरला आधी बोलवा, एक मूल गेल्यावर नको.