विश्वासाचं एकच माणूस

माझ्या लेकीनं माझ्या जावेचं नाव दिलं. आणि ते देण्याची सोय मीच करून ठेवली होती, हे जास्त झोंबलं.

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचे नवे नियम करणाऱ्या सरकारी खात्यात मी काम करते. मसुद्यातलं एक कलम माझं आहे. सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलानं आपल्या विश्वासाचं एक मोठं माणूस निवडायचं. मुलाला कुणी धमकावलं, काही घाणेरडं पाठवलं, तर सूचना फक्त त्या माणसाच्या फोनवर जाणार, आणि मुलानं हो म्हटल्याशिवाय त्यानं ती कुणाला सांगायची नाही. साहेब म्हणत होते, दोन नावं ठेवू या. मी टेबलावर हात आपटला. "दोन ठेवली की दोघं एकमेकांवर ढकलतात. एकच हवं!" ते एक माणूस म्हणजे आई, हे मी गृहीतच धरलं होतं. दुसरं कोण असणार?

आमच्या खात्याची एक रीत आहे. नियम बाहेर जाण्याआधी कर्मचाऱ्यांच्या घरी त्याची चाचणी होते. मी मोठ्या तोऱ्यात लेकीला फोन दिला. तिनं नाव भरलं आणि म्हणाली, "आई, रागावू नकोस हं. मी काकूला ठेवलंय."

"त्यात काय रागवायचं!" मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी अशी घासली की नवरा बघायला आला.

"एवढं काय झालं?" तो म्हणाला. "घरातलीच आहे ना ती?"

घरातली आहे म्हणूनच तर! परकी असती तर दोन शब्द सुनावता तरी आले असते. माझी जाऊ दातांची डॉक्टर. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. तिच्यापुढे सगळ्यांची तोंडं उघडतात, तो तिचा धंदाच आहे. पण माझी लेक माझ्यापुढे 'बरंय' आणि 'काही नाही' एवढंच बोलते, आणि तिच्याकडे गेली की तासभर हसण्याचा आवाज येतो. माझा नुसता जळफळाट होतो. निदान पोरीला तरी माझ्यासाठी ठेवायचं होतं.

पुढच्या रविवारी जाऊ आमच्याकडे चहाला बसली होती. तिचा फोन वाजला. तिनं वाचलं, तिचा चेहरा उतरला, आणि तिनं फोन पालथा ठेवला.

"काय आहे गं?"

"ताई, नाही सांगता येणार."

"मी आई आहे तिची!"

"कलम तुमचंच आहे. मोडू म्हणता का?"

ती चहा तसाच टाकून उठली आणि लेकीच्या खोलीचं दार वाजवलं. दार लगेच उघडलं आणि मागून बंद झालं. मी बाहेर उभी. आतून हुंदके ऐकू आले. कुणी काय पाठवलं असेल, याची काळजी मला आधी वाटायला हवी होती. पण आधी मनात आलं ते हेच, की ही तिच्याजवळ रडते, माझ्याजवळ नाही.

बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. लेकीचे डोळे सुजले होते, पण खांदे सैल पडले होते.

"उद्या काकूबरोबर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटणार आहे," ती म्हणाली. "तुला सांगेन आई. आत्ता नको. तू लगेच सगळ्यांना फोन करत सुटशील."

फोन माझ्या हातातच होता. मी तो ओट्यावर ठेवला.

सोमवारच्या बैठकीला मी पूर्ण तयारीनं गेले. आईवडिलांना सूचना आपोआप गेलीच पाहिजे, अशी दुरुस्ती लिहून आणली होती. तेवढ्यात जावेचा निरोप आला. 'ज्यानं पाठवलं तो सापडला. शाळेनं त्याच्या घरच्यांना बोलावलंय. पोरगी वर्गात गेली. तुम्हाला एवढं सांगायला तिनं हो म्हटलंय.' मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी जावेचा हेवाही वाटला.

"बोला," साहेब म्हणाले, "एक की दोन?"

मी दुरुस्तीचा कागद फाइलखाली सरकवला. "एकच. आमच्या घरी उपयोग झाला. माझ्या मुलीनं माणूस बरोबर निवडलं."

"ते काय सांगायला हवं?" साहेब हसले. "घरात तुमच्यासारखी आई असल्यावर ती दुसऱ्या कुणाला निवडणार!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या बाईंनी कौतुकानं माझा हात दाबला.

"हो ना," मी म्हटलं.