मुक्या सेटला मिळालेला गळा

मी ट्रान्सफॉर्मर बोलतोय! घाबरू नका, रस्त्यावरच्या खांबावर घूं घूं करत बसलेला तो नव्हे. तो आमचा थोरला काका, त्याच्या वाटेला कुणी जात नाही. मी आपला लोखंडी पत्र्यांचा आणि तांब्याच्या बारीक तारेचा छोटा ठोकळा. आवाज एका अंगाने घ्यायचा आणि दुसऱ्या अंगाने हवा तसा करून पुढे द्यायचा, हे माझं काम.

उमेदीची वर्षं मी बसस्थानकावरच्या लाउडस्पीकरच्या यंत्रात काढली. "गाडी थोड्याच वेळात सुटेल," ही थाप माझ्या अंगातून इतक्यांदा गेली, की शेवटी माझाही तिच्यावर विश्वास बसला. मग नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथला मालक कायम खिशात लोहचुंबक घेऊन फिरायचा, म्हणून सगळे त्याला चुंबकशेठ म्हणत. त्याने मला मीटर लावला. काटा ढिम्म हलेना. "गेला हा," म्हणत त्याने मला फोडून तांबं काढायच्या ढिगावर भिरकावलं. अहो, मी चांगला धडधाकट होतो! पण सांगतो कुणाला?

आणि त्याच सकाळी एक बाई आल्या.

"शेठ, जुना ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मिळाला का हो? आमच्या हॅम रेडिओच्या सेटचा जळलाय."

"बाई, कालच नाही म्हटलं ना?"

"काल म्हणालात. आज परत विचारतेय."

ढिगात चाचपताना त्यांचा हात नेमका माझ्यावर पडला. "तो मेलाय," शेठ म्हणाला. बाईंनी मीटर हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. "अहो, हा जाड तारेच्या मापावर ठेवलाय तुम्ही! इतक्या बारीक तारेला काटा हलेल कसा?" त्यांनी मीटरची खुंटी फिरवली, आणि काटा टुणकन वर! "अगबाई, जिवंत आहे की हा!" बाई ओरडल्या. मला पाय असते ना, तर मी तिथेच फुगडी घातली असती.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. हॅम रेडिओ म्हणजे घरबसल्या हवेतून दूरवर बोलायचा हौशी लोकांचा रेडिओ. त्यांचा जुना सेट मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांची, ठकठक हवेत पाठवायचा, पण बोलणं पाठवायचा भाग त्यांनी घेतला तेव्हापासूनच बंद. त्या ठकठकीवरच दूरच्या दीपगृहातल्या एका रखवालदारांशी त्यांची वर्षानुवर्षांची मैत्री. रखवालदारांच्या सेटवर बोलता यायचं, पण बाईंच्या सेटवर येत नाही म्हणून तेही बोटांनीच बोलायचे. दोघांनी एकमेकांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता! आता ते रखवालदार निवृत्त होऊन लेकीकडे राहायला निघाले होते. रविवारी सकाळी त्यांच्या एरियलचा, आवाज हवेत सोडणाऱ्या तारेचा, खांब उतरणार होता, आणि आज होता शनिवार.

"मग सरळ फोन कर की!" बाईंचे यजमान म्हणाले. ते शिंपी, पायमशीन त्याच खोलीत.

"जन्मभर लोकांचे फोनच जोडले मी. हवेतली ओळख आहे अहो, पहिला शब्द हवेतच जायला हवा."

"बरं बाई. तुझ्यापुढे कुणाचं चाललंय!"

जळका ट्रान्सफॉर्मर उचकटून काढण्यात शनिवार गेला. रविवारी उजाडताच, रोजच्या ठकठकीच्या वेळेआधी, बाईंनी मला सेटमध्ये बसवलं. माझ्या तारांवरच्या कापडी वेष्टनाचे रंग बघून भराभर जोडण्या केल्या आणि बटण दाबलं. शेजारच्या छोट्या रेडिओवर स्वतःचा आवाज ऐकला, तर काय? डास गुणगुणावा तसा! माझा जीव कासावीस झाला. उलटं जोडलं हो मला, उलटं!

बाईंचे डोळे भरून आले. "आता नाही व्हायचं हो."

यजमान मशीन थांबवून उठले, चष्मा पुसला, माझ्यावर वाकले. "ही तार तपकिरी धरलीस होय? अगं, विटलेल्या कापडाचा रंग वरून नसतो बघायचा, शिवणीत बघायचा." त्यांनी सुईने वेष्टन उलटून दाखवलं. आत लालभडक! उन्हाने रंग उडाला होता.

"अहो, तुम्ही ना..." म्हणत बाईंनी बाह्या सावरल्या. जोडण्या उलटल्या, पुन्हा बटण दाबलं.

"नमस्कार. मी... मीच बोलतेय. ऐकू येतंय का हो?"

काय सांगू! तो आवाज माझ्या अंगातून असा सळसळत गेला, की भंगारातली धूळसुद्धा झडली असेल. यजमानांनी सेटला कान लावला. आणि स्पीकर खरखरला: "ताई! एक मिनिट हं, खांबावर माणूस चढलाय, त्याला आधी खाली बोलावतो!"

मग दोघं जे बोलत सुटले! शेवटी ते म्हणाले, "ताई, हसू आलं की आपण टिंबं टिंबं ठोकायचो. आज खरं हसून दाखवा बघू." बाईंना आधी रडूच आलं, मग हसू, मग दोन्ही एकदम. मी सगळं तसंच्या तसं पोचवलं, एक हुंदकासुद्धा गाळला नाही.

दुपारी तो खांब उतरला. आता लेकीच्या घरी रखवालदारांजवळ फक्त ऐकायचा रेडिओ आहे, खिडकीला तारेचा तुकडा बांधून. त्यावरून त्यांना उत्तर देता येत नाही. तरी दर रविवारी बाई बसतात, गुडघेदुखीपासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगतात, आणि मध्येच विचारतात, "ऐकताय ना?" बाई क्षणभर थांबतात आणि पुढचं सांगायला लागतात.

बरं, पुरे झालं माझं पुराण. खुर्ची सरकली बघा, बाई आल्या. येतो मी, तिकडे कुणीतरी कान लावून बसलंय!