उजवा अंगठा

दालियेगुरुजींचा उजवा अंगठा मोडला तर आपल्या पदरात काय काय पडेल, ते गास्पार तुर्नेलने नीट मांडून पाहिलं होतं. मार्कीझ द सेर्वालच्या घरी तिच्या मुलीला ल्यूट हे तंतुवाद्य शिकवायची जागा. जागेबरोबर हिवाळाभराचं जळण, रविवारी भाजलेल्या कोंबड्याची तंगडी, जेवणानंतर शेकोटीजवळची खुर्ची. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे खरं तर सगळ्यात आधी, गुरुजींची, इटलीतल्या बोलोन्यात घडवलेली ल्यूट. वाजवता येईनासं झाल्यावर म्हातारा ती विकणारच, आणि विकताना जुन्या शिष्याला नाही कसं म्हणेल?

खर्चाची बाजू हलकी होती. ला रामे नावाचा, सैन्यातून हाकललेला एक आडदांड गडी. त्याला आगाऊ बुटांचा जोड दिला होता. काम फत्ते झाल्यावर गास्पारच्या अंगावरचा मखमली झगा त्याचा.

गास्पार वाईट वाजवत नव्हता, हेच तर दुखणं होतं. सहा वर्षं तो दालियेंकडे शिकला होता. ल्यूटच्या कागदावर अक्षरं असतात, कुठल्या तातेवर, म्हणजे आतड्याच्या तारेवर, बोट कुठे ठेवायचं तेवढं सांगणारी. सूर एकदम न छेडता एकामागून एक कसे सांडायचे, कुठे रेंगाळायचं, कुठे बोट नुसतं थरथरवायचं, हे कागदावर नसतं. पॅरिसातले गुरू ते लिहीतच नसत. लिहिलं की शिष्य हातचा सुटला. दालियेंना विचारलं तर ते खोकत.

मागच्या आठवड्यात मार्कीझकडे दोघांनी एकच धून वाजवली. गास्पारने अक्षर न अक्षर बरोबर वाजवलं. लोकांनी माना डोलावल्या आणि बिस्किटं खाल्ली. मग दालिये बसले. आतड्याच्या वीस ताता, शेकोटीच्या उबेत प्रत्येक उतरलेली. त्या जुळवता जुळवता त्यांनी इतका वेळ लावला की बायका चुळबुळ करू लागल्या. मग त्यांनी अंगठा खर्जाच्या जाड तातेवर टेकवला. टेकवला एवढंच. मार्कीझचा कुत्रा कान खाजवायचा थांबला. गास्पारच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसता पुसताच अंगठ्याचा बेत ठरला.

"जेवला की म्हातारा डुलकी काढतो," जिन्यात उभं राहून त्याने ला रामेला समजावलं. "मोलकरीण नाही. आत जायचं, उजवा अंगठा, बाहेर. जीव घ्यायचा नाही."

"अंगठ्यासाठी झगा," ला रामे म्हणाला. "तुम्हा वाजंत्र्यांचं काही खरं नाही, मास्तर. मुंडीचा भावसुद्धा एवढा नसतो." त्याने लोखंडी टोकाचं दांडकं सदऱ्याखाली सरकवलं आणि तो वर गेला.

डुलकी कुठे काढतो, हे गास्पारने सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? दालिये खुर्चीत डुलकी काढत, जशी गास्पारही काढे. दिवसा बिछान्यात ल्यूट झोपते. ओल लागू नये, पातळ लाकूड वाकू नये, ताता उतरू नयेत म्हणून रजईत गुंडाळून. बिछान्यात दिवसा माणूस असतो, ही कल्पना ल्यूट वाजवणाऱ्याच्या डोक्यात येतच नाही. आणि त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. दालिये मागच्या अंगणात लाकडं आणायला गेले होते.

वरून आधी वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. मग वीस ताता एकदम किंचाळल्या.

गास्पारला कळलं. दुसरा घाव बसला तेव्हा तो जिना चढत होता, तिसऱ्याला दारात होता. खोलीभर पिसं उडत होती.

"हाडं पोकळ आहेत हो याची," ला रामे म्हणाला.

"अरे बैला, ती बोलोन्याची आहे."

"कोण? बाई आहे का आत?"

गास्पारने त्याला ढकललं आणि रजई फाडली. नखाएवढ्या पातळ फळ्या, फुटलेल्या अंड्यासारख्या. एका तुकड्याला कारागिराच्या नावाची चिठ्ठी अजून चिकटलेली. तेव्हाच पळून गेला असता तर निभावलं असतं. तो तुकडे गोळा करत बसला.

दालिये लाकडांची मोळी घेऊन दारात आले. त्यांनी बिछाना पाहिला, दांडकं पाहिलं, शिष्य पाहिला. मोळीतलं एक ओकचं लाकूड उपसून त्यांनी ला रामेच्या तोंडावर हाणलं. दात जमिनीवर उडाले. दुसरा फटका कानशिलावर बसला आणि तो आडदांड गडी गुडघ्यांवर आला. तिसऱ्यासाठी म्हाताऱ्याने हात उचलला, तोच ला रामेने त्यांचा घोटा धरून ओढला. म्हातारा शेकोटीच्या लोखंडी कठड्यावर कानाकडून आपटला. कानातून रक्ताची धार लागली.

ला रामे भिंतीला धरून उठला, रक्त थुंकला आणि म्हणाला, "झगा."

इथे गास्पारने तोंड मिटून झगा काढायला हवा होता. पण व्यवहारात फसलेला माणूस आधी सौद्याची आठवण करून देतो. "झगा कसला? तू लाकूड फोडलंस. अंगठा ठरला होता."

"बरोबर," ला रामे जरा विचार करून म्हणाला. "अंगठा ठरला होता." त्याने गास्पारची मानगूट पकडून त्याला शेकोटीच्या दगडापाशी खेचलं. "कुठला म्हणालात? डोक्यात घंटा वाजतायत माझ्या."

"डावा," गास्पार ओरडला. "देवाशप्पथ, डावा."

ला रामेला ते पटलं नाही. कठड्याला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याकडे तो वळला. "काय हो गुरुजी, तुमच्या धंद्यात कुठला लागतो?"

दालियेंनी गास्पारच्या हातून निसटून मांडीवर पडलेला चिठ्ठीचा तुकडा बाजूला ठेवला. ते खोकले नाहीत.

"उजवा," ते म्हणाले. "मुळापासून."

सहा वर्षांत गुरुजींनी विचारल्याबरोबर सरळ उत्तर दिल्याचं गास्पारला हे पहिलंच आठवलं. मग दांडकं खाली आलं. एकदा, आणि नीट बसलं नाही म्हणून पुन्हा.

मार्कीझने दोघांचीही वाट पाहिली नाही. मुलीला तिने हार्पसिकॉर्ड ही पट्ट्यांची पेटी शिकायला लावली. ते वाद्य निदान बिछान्यात निजवावं लागत नाही. जळण, तंगडी आणि शेकोटीजवळची खुर्ची ते शिकवणाऱ्या नव्या मास्तरला मिळाली, आणि त्याने मोजलं काहीच नाही. ला रामेचे चार दात गेले, पण तो झगा घालून गेला. गास्पारचा अंगठा गेला. आता तो दुसऱ्यांसाठी धुनांचे कागद उतरवतो, कसाबसा, बोटांत लेखणी बांधून. दालियेंचा उजवा अंगठा धडधाकट राहिला, पण आपटलेल्या कानात कायमची शिट्टी बसली, आणि ज्याला दोन ताता जुळल्या की नाही ते ऐकू येत नाही त्याने अंगठ्याचं करायचं काय? सगळ्यात जास्त किंमत भरली ती एकशे तीस वर्षांच्या ल्यूटने, जिचं कोणाशीच काही देणंघेणं नव्हतं. जानेवारीत जळण संपलं तेव्हा गुरुजींनी तिचे तुकडे शेकोटीत घातले. लाकूड चांगलं मुरलेलं होतं. एक संध्याकाळ पुरलं.